आयर्लंडच्या वाटा – ४ : कड्याकडे पाठ करू नका

मागच्या आठवड्यात आपण बॉइन नदीच्या खोऱ्यात, न्यूग्रेंजच्या थडग्यापाशी होतो. आज तिथून उत्तरेला, ॲन्ट्रिमच्या किनाऱ्यावर जायचं आहे. ‘जायंट्स कॉजवे’ पाहायला. डब्लिनहून गाडीनं निघालात तर सरहद्द कधी ओलांडली ते कळतही नाही. चौकी नाही, फाटक नाही. पाट्यांवरच्या किलोमीटरांचे मैल होतात, तेवढीच खूण. पण देश बदललेला असतो. उत्तर आयर्लंड युनायटेड किंगडममध्ये मोडतं. कुणी अडवत नाही म्हणून आपल्या लोकांनी निर्धास्त राहू नये. भारतीयांसाठी दोन्ही देशांची मिळून एक व्हिसा योजना आहे, पण व्हिसावर त्या योजनेचा उल्लेख असेल तरच तो दोन्हीकडे चालतो. निघण्याआधी तेवढं तपासून घ्या.

बुशमिल्स गावापासून तीनेक मैलांवर समुद्राला लागून सुमारे ४०,००० दगडी खांब दाटीवाटीनं उभे आहेत. बहुतेक षट्कोनी, काही पाच बाजूंचे, काही सात, क्वचित चार किंवा आठ. पाण्याकडे ते पायरीपायरीनं उतरत जातात. १९८६ साली युनेस्कोनं ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली. तरी पहिल्या दर्शनात थोडी निराशा होते, हे सांगून टाकलेलं बरं. छायाचित्रांत जागा अफाट दिसते. प्रत्यक्षात खांबांचा मुख्य पट्टा चालत पार करायला फार वेळ लागत नाही. अठराव्या शतकात इंग्रज पंडित सॅम्युएल जॉन्सन यालाही एवढ्यासाठी प्रवासाचा खटाटोप करावा असं वाटलं नव्हतं. तो स्वतः इथे आलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

जॉन्सनशी माझं जमत नाही ते एका कारणासाठी. येणारे जवळजवळ सगळे खांबांवर चढतात, समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात आणि परततात. मागे उभा असलेला कडा कुणी बघत नाही. या जागेचा सगळा हिशेब तिथे लिहिलेला आहे.

खांबांजवळच्या गर्दीतून पुढे, ‘ऑर्गन’ नावाच्या उंच खांबांच्या रांगेच्या दिशेनं चालत राहा. कड्यात काळ्या खडकाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, दोन थरांमध्ये एक तांबडा पट्टा दिसू लागतो. सह्याद्रीच्या घाटात रस्त्यासाठी तोडलेल्या कड्यांत असे तांबडे पट्टे आपण पाहिलेले असतात. लाव्हाचा एक थर पसरला, मग बराच काळ काही आलं नाही. तेवढ्या काळात ऊन-पावसानं वरचा खडक कुजवला, आणि त्यावर पुढचा थर आला. इथेही तसंच घडलं. मात्र ॲन्ट्रिमची उसंत चांगली लांबली, आणि खडकाचा अक्षरशः जांभा झाला. जांभा व्हायला उष्ण, दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो. म्हणजे आज जिथे उन्हाळ्यातही अंगावर जाकीट लागतं, तिथे सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी कोकणासारखी हवा होती! या पट्ट्यातलं लोखंड आणि बॉक्साइट पुढे ॲन्ट्रिममध्ये खाणी काढून उपसलंही गेलं. वाटेत पट्ट्याखाली एकात एक कडी असलेले गोल डोळे दिसतात. ‘राक्षसाचे डोळे’ म्हणतात त्यांना. बेसाल्ट भेगांपासून आत कुजत गेला आणि मधला गाभा तेवढा शाबूत राहिला, त्याची ती खूण.

त्या लांबलेल्या उसंतीत नदीनं जुन्या लाव्हात खोरं कोरलं होतं. नवा लाव्हा आला तो त्या खोऱ्यात साचला. सपाटीवर पातळ पसरला असता तर लवकर थिजला असता. साचल्यामुळे थर जाड झाला आणि सावकाश निवत गेला. निवताना खडक आकसतो, आकसताना तडकतो. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ तडकतो तसाच, फरक एवढाच की इथे तडे वरून आणि खालून निघून थराच्या पोटात शिरत गेले, म्हणून फरश्यांऐवजी खांब झाले. आणि निवणं एकसारखं, धिमं असेल तर तड्यांची जाळी हळूहळू षट्कोनांकडे झुकते. कमीत कमी भेगा पाडून ताण मोकळा करायचा सोपा मार्ग तोच. तडे नेमके किती तापमानाला पडतात, हे लिव्हरपूल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली आइसलंडच्या बेसाल्टवर प्रयोग करून दाखवलं: ८४० ते ८९० अंश सेल्सियस. खडक तेव्हा घट्ट झालेला असतो, पण चांगलाच तापलेला.

हे आज चार वाक्यांत सांगता येतं. १६९३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या खांबांचं वर्णन गेलं तेव्हा माणसांनी छिन्नीनं घडवले, निसर्गानं की राक्षसानं, इथून सुरुवात होती. वादाला कलाटणी मिळाली ती एका चित्रकर्तीमुळे. डब्लिनच्या सुझॅना ड्ररी हिनं १७३९च्या सुमारास इथे राहून खांब न् खांब बारकाईनं रंगवला. त्या चित्रांचे ठसे युरोपभर गेले, आणि ते पाहून फ्रान्सच्या निकोला देमारे यानं हे ज्वालामुखीचं काम असल्याचं छापून टाकलं. तरी हे सगळं समुद्रात साका बसून तयार झालं, असं म्हणणारे हटेनात. शेजारच्या पोर्टरशच्या काळ्या खडकात शंखांचे जीवाश्म सापडतात, हा त्यांचा हुकमी पुरावा. तो खडक बेसाल्ट नव्हता. जमिनीखाली शिरलेल्या शिलारसाच्या धगीनं भाजून निघालेला जुना शेल, म्हणजे गाळाचा खडक होता. काळा आणि कठीण दिसला म्हणून फसले.

राक्षसाची गोष्ट थोडक्यात: फिन मॅक्कूलनं स्कॉटलंडच्या बेनँडॉनरशी लढायला समुद्रात बांध घातला. शत्रू आपल्याहून थोराड आहे हे कळल्यावर बायकोनं फिनला बाळाचे कपडे घालून पाळण्यात निजवलं. बाळ एवढं तर बाप केवढा, या धास्तीनं बेनँडॉनर बांध उखडत पळाला. स्कॉटलंडच्या स्टाफा बेटावर असेच खांब आहेत, तेव्हा गोष्ट रचणाऱ्यांना दोन्ही किनारे ठाऊक असावेत.

असे खांब आपल्याकडेही आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल सुमारे ६० मीटर उंच; कॉजवेच्या ऑर्गनचे खांब बारा मीटरच्या आसपास. फक्त गिल्बर्ट हिलला आपण इमारतींनी असं घेरलंय की ती शोधावी लागते.

जायचं तर येताना ‘शेफर्ड्स स्टेप्स’च्या १६२ पायऱ्या चढून कड्यावरच्या वाटेनं परता, तांबडा पट्टा मग आपल्याच पायांखालच्या कड्यात असतो. दगडांपर्यंत चालत जायला पैसे पडत नाहीत, तिकीट आहे ते माहिती केंद्राचं. आणि नशीब फळफळावं म्हणून भेगांत नाणी ठोकू नका. ती गंजून फुगतात आणि दगडाचे टवके उडवतात. २०२५ साली तर ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्टला लोकांना तशी जाहीर विनंती करावी लागली.

पुढच्या आठवड्यात नैर्ऋत्य टोकाला, स्केलिग मायकलच्या सुळक्यावर. तिथे मात्र हवामान नाही म्हणालं तर होडी सुटतच नाही.