तेलाच्या गुलामीतून देश सुटेल, कोयत्याच्या गुलामीतून मजूर कधी?

आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून विकत घेतो. आखातात युद्ध पेटले की आपल्या वस्तीतल्या रिक्षावाल्याच्या पोटाला चिमटा बसतो. या परावलंबनातून देशाने बाहेर पडावे, याबद्दल आमचे दुमत नाही. आमचा प्रश्न एवढाच की, ही सुटका कोणाच्या घामावर होत आहे आणि त्या घामाचा दाम कोण देणार?

२००३ साली नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याची योजना सुरू झाली. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत २० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले. ते २०२५ मध्येच गाठले गेले. इथेनॉल मका आणि तांदळापासूनही होते, परंतु महाराष्ट्रात इथेनॉल म्हटले की ऊस आणि साखर कारखाना आलाच. कारखानदाराला डिस्टिलरीच्या कर्जावर व्याजसवलत मिळाली. उसाच्या इथेनॉलचा दर सरकार ठरवते आणि माल तेल कंपन्या उचलतात. शेतकऱ्याच्या उसाला एफआरपीचे कायदेशीर संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. या साऱ्या साखळीत उघड्यावर राहिला तो फक्त ऊसतोड मजूर!

बीड आणि मराठवाड्यातील इतर दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर घरदार सोडून निघतात. त्यांत दलित आहेत, भटके-विमुक्त आहेत, वंजारी आहेत. बहुतेक भूमिहीन किंवा कोरडवाहू. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायकोने मिळून राबायचे. या जोडप्याचा हिशेब ‘एक कोयता’ असा होतो. माणसे दोन, कोयता एक आणि मजुरी नवऱ्याच्या हातात! बाईच्या श्रमाची वेगळी नोंदच नाही.

आता साधा हिशेब करू. एक टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. २०२४-२५ च्या हंगामात रसाच्या इथेनॉलचा दर लिटरला ६५ रुपये ६१ पैसे होता. म्हणजे टनामागे साडेचार हजारांहून अधिक रुपये. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचा करार झाला. तरीही नुसत्या तोडणीची मजुरी टनाला पाचशे रुपयांच्या आतच राहिली, आणि तीही दोघांत मिळून.

याची किंमत बाईने शरीराने मोजली आहे. एक दिवस कामावर खाडा झाला तरी दंड कापला जातो. मग पाळीचे दुखणे कोणाला सांगायचे? २०१९ मध्ये शासनाने नेमलेल्या समितीसमोर आले की, बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आहे. हा आकडा वाचून सत्ताधाऱ्यांची झोप उडायला हवी होती.

कायद्याचे अभ्यासक म्हणून आम्ही विचारतो, राज्यघटनेचे कलम २३ कशासाठी आहे? किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात काम करवून घेणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये एशियाड मजुरांच्या खटल्यात सांगितले. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदाही आहे. उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामालाही बांधून घेणे, हे या कायद्यात बसत नाही काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. दामोदर खोऱ्याची योजना, पाणी आणि विजेसाठीच्या केंद्रीय संस्था यांची पायाभरणी त्यांच्या काळातली. स्वस्त आणि मुबलक वीज हवी, कारण तिच्याशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय माणसाची दारिद्र्याच्या चक्रातून सुटका नाही, अशी मांडणी त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये केली होती. ऊर्जा आणि मजूर हे प्रश्न त्यांनी कधी वेगळे मानले नाहीत. आजच्या राज्यकर्त्यांनी मात्र ऊर्जा ठेवली आणि मजूर वगळला!

चळवळीनेही हा विषय ‘साखरवाल्यांचा’ म्हणून सोडून दिला, हे आम्ही कबूल करतो. आता आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. उसापासून बनणाऱ्या प्रत्येक लिटर इथेनॉलमागे एक रुपया तोडणी मजुराच्या मजुरीत जमा करा. टनामागे तो ७० रुपयांच्या घरात जाईल आणि शेतकऱ्याच्या खिशाला हात लागणार नाही. बाईची मजुरी बाईच्याच बँक खात्यात द्या. खाड्याचा दंड बंद करा. कारखान्यालाच मालक ठरवून किमान वेतनाची जबाबदारी त्याच्यावर टाका, मुकादमाआड लपू देऊ नका. हे ‘परवडत नाही’ असे कारखानदार म्हणतील. परवडत नसेल तर सरकारी व्याजसवलत तरी कशाला घेता?

देश तेलाच्या गुलामीतून जरूर सुटो. पण ज्यांच्या हातून तो सुटतो आहे, त्यांच्याच गळ्यात उचलीचा फास राहणार असेल, तर त्या स्वावलंबनाला आम्ही राष्ट्राचे स्वावलंबन म्हणणार नाही. येत्या हंगामात पट्टा पडण्याआधी ऊसतोडीच्या प्रत्येक गावात चळवळीचा कार्यकर्ता पोहोचला पाहिजे.

जयभीम!