तळ्यातून वर आलेला टिटवाळ्याचा गणपती

आम्हा विठ्ठलवाडीकरांना टिटवाळा तसा शेजारचाच. एक स्टेशन मागे कल्याणला यायचं, कसाऱ्याकडची लोकल पकडायची. शहाड, आंबिवली आणि मग टिटवाळा. देवळाला लागूनच तळं आहे. पेशवाईत दुष्काळात गाळ उपसताना मूर्ती याच तळ्यात सापडली, असं सांगतात. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात देऊळ उभं राहिलं. त्याआधीची कथा थेट कण्वमुनींच्या आश्रमाची: शकुंतलेने इथे गणपती पूजला आणि दुष्यंत परत मिळाला. म्हणून लग्न जमण्यासाठी नवस बोलणारे इथे फार! (आमच्या आत्याचं जमलं, पण चार वर्षांनी.) दर्शनानंतर तळ्याकाठी निवांत बसा, निर्माल्य मात्र पाण्यात टाकू नका. अंगारकीला तुफान गर्दी असते, साध्या बुधवारी सकाळीच जा.