हर्णै ते मुंबई : एका लहान ख्रिस्ती मंडळीची जडणघडण

चिपळूण परिसरातील ख्रिस्ती इतिहासाचा शोध घेताना बाणकोट व हर्णै या बंदरांकडे वळावे लागते. स्कॉटिश मिशनने बाणकोट येथे इ. स. १८२३ मध्ये कार्य आरंभिले. जॉन व मार्गारेट विल्सन या दांपत्याने १८२९ मध्ये याच किनाऱ्यावर मराठीचे धडे घेतले आणि १८३१ मध्ये मुंबईत अवघ्या आठ सभासदांची मंडळी स्थापिली. ‘मंडळी’ म्हणजे इमारत नव्हे, तर उपासनेसाठी एकत्र येणारा समूह. ही संख्या क्षुल्लक वाटेल; परंतु प्रवेशाचे मोल जबर होते.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन बंधू श्रीपत यास न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले. तथापि तो मिशनऱ्यांकडे जेवला होता, म्हणून त्यास जातीत परत घ्यावे की नाही, यावर तीव्र वाद माजला. त्याला परत घ्यावे, असा आग्रह धरणारे बाळशास्त्री जांभेकर हेही कोकणातील पोंभुर्ल्याचेच. मिशनचे कट्टर टीकाकार येथे स्वजनांशीच झगडले, हे विशेष लक्षणीय होय.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले व त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसविले. गावाने तोडलेल्यांना प्रार्थनामंदिराइतकीच घराची, शेताची व पाण्याची निकड होती.