मांडीच्या मागची बाजू

श्रोतेहो, खुर्चीच्या कडेवर जरा पुढें सरकून बसा. पाऊल जमिनीवर टेकून टाच मागें ओढूं पाहा, पण जागची हलूं देऊं नका. आतां गुडघ्याच्या मागें बोटें लावा. बाहेरच्या अंगास दोरीसारखें कांहीं ताठ लागेल. आंतल्या अंगास तशीच दुसरी दोरी आणि तिच्याखालीं एक रुंद, जाड पट्टा. लोक यांना शिरा म्हणतात, परंतु त्यांतून रक्त वाहत नाहीं. त्या कंडरा होत, म्हणजे स्नायूंचीं हाडाला चिकटणारीं टोकें.

हे तिन्ही स्नायु निघतात तें ठिकाण आपल्या परिचयाचें आहे. पाटावर फार वेळ बसलें असतां जीं दोन हाडें खालीं टोंचूं लागतात, त्यांवरूनच त्यांचा उगम होतो. खालीं दोन स्नायु नडगीच्या आंतल्या बाजूस जातात व तिसरा बाहेरच्या बारीक हाडाच्या डोक्यास चिकटतो. मार्गांत ते खुबा व गुडघा असे दोन सांधे ओलांडतात. खुबा मागें नेणें आणि गुडघा वाकविणें, हीं दोन्ही कामें त्यांचीं. सूर्यनमस्कारांत गुडघे ताठ ठेवून वाकलों कीं दोन्हीं टोकांनीं त्यांना ताण बसतो आणि हात जमिनीला पोंचत नाहींत; गुडघे किंचित् सैल केले कीं पोंचतात. कंबरेला उगाच दोष मिळतो!

या स्नायूंना आज्ञा पोंचविणारा ज्ञानतंतु शरीरांतील सर्वांत जाड. विद्यार्थिदशेंत शवविच्छेदनाच्या टेबलावर मीं तो प्रथम पाहिला तेव्हां कंडराच समजलों होतों. रुंदी सुमारें २ सेंटीमीटर! कंबरेच्या चौथ्या-पांचव्या आणि त्रिकास्थीच्या पहिल्या तीन मुळांपासून तो बनतो, कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूखालून येतो आणि बसण्याचें हाड व खुब्याचा बाहेरचा उंचवटा या दोहोंच्या मधून मांडींत उतरतो. बहुधा गुडघ्याच्या वर त्याच्या दोन शाखा होतात. मांडीच्या मागील त्वचेची जाणीव मात्र दुसऱ्याच एका तंतूकडे आहे.

या थोर तंतूचें दुखणें आपल्याकडे फार जुनें. आयुर्वेदांत त्यास गृध्रसी म्हटलें आहे. गृध्र म्हणजे गिधाड. नेपल्सच्या कोतुन्यो यांनीं १७६४ सालीं तें खुब्याच्या सांध्याच्या दुखण्याहून वेगळें काढलें आणि १९३४ मध्यें बोस्टनचे मिक्स्टर व बार यांनीं मणक्यांमधली गादी सरकून तंतूचें मूळ दाबलें जातें हें दाखविलें. म्हणजे कळ पायांत, पण कारण कंबरेंत. डॉक्टर रोग्यास उताणें निजवून पाय सरळ उचलतात तो याचसाठीं. नुसती मांडी मागें ताणल्यासारखी वाटली तर तो स्नायूंचा आखूडपणा; कळ गुडघ्याखालीं पोटरींत, पावलांत धांवली तर संशय तंतूचा. बहुतेक रोगी कांहीं आठवड्यांत, फार तर महिन्यांत, शस्त्रक्रियेवांचून बरे होतात. परंतु पाऊल लुळें पडूं लागलें, बैठकीची जागा बधिर झाली, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर शेक-लेप बाजूला ठेवून त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

आणखी एक गोष्ट माझ्या मनांतून जात नाहीं. सहा वर्षांच्या एका मुलाला तापांत कोणीसें कुल्ल्यावर इंजेक्शन दिलें. सुई मध्यभागाच्या खालीं टोंचली गेली. मूल किंचाळलें, ‘मुलें रडतातच’ असें आईला सांगण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं त्याला पाऊल वर उचलतां येईना. या तंतूची बाहेरची शाखा पाऊल उचलण्याचें काम करते आणि अशा इजेंत बहुधा तीच अधिक दुखावते. कुल्ल्यावर सुई द्यावयाचीच तर ती वरच्या, बाहेरच्या चतुर्थांशांत द्यावी. तान्ह्या मुलांना लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूस देतात तें याच कारणानें. सुई टोंचतांच पायांत वीज खेळल्यासारखी कळ गेली तर ती तत्काळ काढावयास सांगण्याचा आईबापांना पूर्ण अधिकार आहे. तो मुलगा पुढें पट्टी बांधून शाळेंत जाऊं लागला. त्याच्या उजव्या चपलेचें टोंक दर महिन्यास झिजत असे.