बिनकुंपणाच्या बागेचे राखणदार

दक्षिण कोकणात राखणदाराशिवाय गाव नाही. कुठे तो वडाच्या बुंध्याशी असतो, कुठे शेताच्या बांधावर, कुठे तळीच्या काठी. वर्षातून एकदा त्याला नारळ द्यायचा आणि पिकापाण्याची, गुराढोरांची, अपरात्रीच्या वाटसरूची काळजी त्याच्यावर सोपवून निश्चिंत व्हायचे, अशी तिकडची रीत. दर्यालाही नारळी पौर्णिमेला मानाचा नारळ मिळतो. पण मालवणच्या दर्यात आणखी एक प्रकारचे राखणदार आहेत. त्यांना कोणी नारळ देत नाही. बहुतेकांना ते दिसतही नाहीत. कारण त्यांची राखण चालते पाण्याखाली, आणि त्यांचे मुख्य हत्यार म्हणजे एक पाटी आणि एक पेन्सिल!

मालवणला जाणारा पाहुणा काय करतो? बंदरावर होडीत बसतो, सिंधुदुर्ग पाहतो, महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढे हात जोडतो, परत येऊन बांगड्याच्या तिखल्याचा आणि सोलकढीचा यथास्थित समाचार घेतो आणि खाजे बांधून घेऊन घरची वाट धरतो. या एवढ्याशा जलप्रवासात आपण एका सरकारी अभयारण्यातून जाऊन आलो, हे त्याच्या गावीही नसते. त्यात त्याचा दोष नाही. या अरण्यात झाड नाही, वाघ नाही आणि भोवती कुंपणही नाही. एखादा मालवणी माणूस तर मिस्कीलपणे विचारील, ‘दर्याक कुंपण कोण घालतलो?’

१३ एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र सरकारने मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. पैकी ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा. त्यात सिंधुदुर्ग, पद्मगड आणि आसपासचे पाण्यात बुडालेले खडक येतात. उरलेला भोवतालचा राखीव पट्टा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर किल्ल्याला हात घातला, तेव्हा हे बुडीत खडक त्यांना फितूर न होणाऱ्या पहारेकऱ्यांसारखे वाटले असले पाहिजेत. परक्या गलबताला त्यांतून वाट काढणे सोपे नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या खडकांनी किल्ल्याची राखण केली, त्याच खडकांची राखण करण्याची पाळी आता आपल्यावर आली आहे.

खडकांची कसली राखण, असे कोणी म्हणेल. पण या खडकांवर प्रवाळांची वस्ती आहे. आपण पोवळे म्हणून अंगठीत बसवतो त्याच्या दूरच्या नात्यातले हे जीव. एकेक प्राणी टाचणीच्या डोक्याएवढा, पण हजारोंनी एकत्र राहून ते चुन्याची घरे बांधतात. बांधकामाची गती मात्र गोगलगायीलाही लाजवील अशी. काही जाती वर्षाकाठी जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात. जेवणाच्या ताटाएवढा गोळा व्हायला पंधरावीस वर्षे सहज लागतात. नांगराच्या एका फटक्याने तो फुटायला मात्र क्षणही लागत नाही. या घरांच्या सांदीफटींत माशांची पिले वाढतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील कासीम व वाफर या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावरील अशा जिवंत प्रवाळांची माहिती १९७९ साली प्रसिद्ध केली, तीत मालवणचाही उल्लेख होता. पुढे २००१ साली वन्यजीव कायद्याने प्रवाळांना वाघाच्याच पंक्तीला, पहिल्या परिशिष्टात नेऊन बसवले.

पण वाघ मेला की बातमी होते. प्रवाळ मेला तर कोणाला कळणार? इथेच मोजणाऱ्याचे काम सुरू होते.

हे काम चालते कसे, ते पाहण्याजोगे आहे. पावसाळ्यात दर्या खवळलेला आणि पाणी गढूळ, तेव्हा बुड्या मारायच्या त्या साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत. पहिली अट अशी की, गेल्या खेपेला पाहिलेलाच खडक पुन्हा गाठायचा. आता त्यासाठी उपग्रहाच्या साह्याने ठिकाण सांगणारे यंत्र असते. जुना मच्छीमार किनाऱ्यावरच्या दोन खुणा, म्हणजे एखादे देऊळ आणि मागच्या डोंगराचे टोक, एका रेषेत आणून तोच खडक बिनचूक दाखवतो. मग पाणबुडे पाठीवर हवेची नळकांडी बांधून तळाशी उतरतात, खडकावर मोजपट्टी अंथरतात आणि ठरावीक अंतरावर चौकट ठेवून तिच्यातले छायाचित्र घेतात. चौकटीत जिवंत प्रवाळ किती, मेलेला किती, शेवाळ किती, वाळू किती, हे पाण्यातही लिहिता येईल अशा पाटीवर टिपायचे. पाण्याची उष्णता नोंदायची. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडून ती कुठवर दिसते यावरून पाण्याची पारदर्शकता ठरवायची. काम शाळामास्तरांच्या हजेरीपटासारखे. त्यात शौर्य नाही, नाट्य नाही. उलट बोटे गारठतात आणि हवा संपत आलेली असते.

पण या हजेरीपटाचे मोल संकटाच्या वेळी कळते. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते. प्रवाळाला रंग देते तेच आणि बरेचसे अन्न पुरवतेही तेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एकदोन अंशांनी जास्त तापून तसेच आठवडेच्या आठवडे राहिले, की हा भाडेकरू घर सोडतो आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. पाणी वेळेवर निवले तर तो सावरतो, नाहीतर मरतो. १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात ही साथ जगभर पसरली. मालवणच्या प्रवाळांवर आलेला हा पांढरेपणा गोव्याच्या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१४ नंतरच्या वर्षांत प्रत्यक्ष नोंदला. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथी जागतिक साथ आल्याचे जाहीर केले. ऑस्ट्रेलियाच्या विशाल प्रवाळभिंतीवर १९८० च्या दशकापासून वर्षानुवर्षे मोजणी चाललेली असल्यामुळे तिथे काय गेले आणि काय परत आले, हे आकड्यांनी सांगता येते. जिथे वही नाही, तिथे फक्त हळहळ उरते.

मनुष्याची स्मृती या कामी फार अपुरी. आजोबांनी पाहिलेला दर्या वेगळा, बापाचा वेगळा, नातवाचा आणखी वेगळा. आणि प्रत्येकाला आपल्या लहानपणचा दर्याच खरा वाटतो. होणारी घट पिढ्यापिढ्यांत वाटली जाते, म्हणून ती कोणाच्याच डोळ्यांवर येत नाही. वहीतला आकडा मात्र कोणाची भीड धरीत नाही.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. अभयारण्य जाहीर झाले तेव्हा मालवणच्या मच्छीमारांच्या पोटात गोळा आला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात रापण ओढली, तिथे उद्या सरकारी शिपाई अडवणार काय, ही शंका काही वेडगळ नव्हती. ज्याचे पोट दर्यावर, त्याला वगळून दर्याची राखण करू पाहणे म्हणजे घरधन्याला ओसरीवर बसवून घराची मोजदाद करण्यासारखे आहे. सुदैवाने पुढे थोडे शहाणपण आले. २०१२ साली राज्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०११ नंतर काही वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने सिंधुदुर्गात एक प्रकल्प चालला. त्यात ट्रॉलरच्या जाळ्याला चौकोनी आस लावण्याचा पुरस्कार झाला. नेहमीची तिरपी आस ओढताना मिटते आणि पोरसवदा मासळी आत अडकते. चौकोनी उघडी राहते आणि पिलू निसटते. आज निसटलेले पिलू उद्या मोठे होऊन पुन्हा जाळ्यात येईल, हा हिशेब मच्छीमाराला कोणी शिकवायला नको.

डिसेंबर २०१८ मध्ये सरकारने आणखी एक योजना काढली. कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मात्र छायाचित्राचा पुरावा हवा. या एका अटीने मोठे काम केले. जो जीव पूर्वी गुपचूप मरायचा किंवा गुपचूप सुटायचा, त्याची आता नोंद होऊ लागली. जाळे कापणारा मच्छीमार नकळत मोजणारा झाला.

तिसरे राखणदार म्हणजे पर्यटकांना पाण्याखाली नेणारे स्थानिक तरुण. त्यांच्या धंद्याने प्रवाळांना धोकाही आहे: नांगर पडतात, हौशी पाहुण्यांचे पाय लागतात. पण प्रवाळ मेला तर आपली होडी किनाऱ्यावर वाळत पडेल, हेही त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. सबंध हंगामभर तळ पाहणारे डोळे यांचेच आहेत. त्यांच्या हाती पाटी दिली, नांगराऐवजी होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये दिले आणि त्यांनी आणलेल्या नोंदीला सरकारदरबारी किंमत दिली, तर पगारी पहारेकऱ्यांची पलटण ठेवूनही जे साधणार नाही ते साधेल.

म्हणून पुढच्या खेपेस सिंधुदुर्गाला जाल तेव्हा तटाकडे पाहून झाल्यावर क्षणभर होडीच्या काठावरून खालीही पाहा. पाणी स्वच्छ असेल तर खडकाचा काळसर आकार दिसेल. पाण्यात उतरलात तर त्याला पाय लावू नका, आठवण म्हणून तुकडा आणू नका. आणि तिथे कोणी पाटी घेऊन बुडी मारताना दिसला, तर त्याला मासे पकडणारा समजू नका. तो दर्याची हजेरी घेतो आहे. आणि ती एक वर्ष जरी चुकली, तरी ते पान नंतर कोणालाही भरता येणार नाही.