ओके प्रॉम्प्ट

ओके प्रॉम्प्ट : सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीच्या स्पार्क प्रक्रियकावर चालणाऱ्या संगणकांतील ‘ओपनबूट’ या फर्मवेअरची आज्ञा स्वीकारण्याची अवस्था. या अवस्थेत कन्सोलवर ‘ओके’ ही अक्षरे उमटतात, त्यावरून हे नाव पडले. फर्मवेअर म्हणजे मुख्य पट्टावरील कायम स्मृतीत साठविलेली आज्ञावली होय. वीजपुरवठा सुरू होताच ती यंत्रभागांची तपासणी करते आणि परिचालन प्रणाली स्मृतीत आणून तिच्या हाती नियंत्रण देते.

मिच ब्रॅडली यांनी विकसित केलेले ओपनबूट १९८९ मध्ये स्पार्कस्टेशन १ या संगणकात प्रथम वापरात आले. ते चार्ल्स मूर यांच्या फोर्थ या संगणकभाषेवर आधारलेले आहे. त्यावरूनच १९९४ मध्ये आयईईई १२७५ हे मानक तयार झाले.

प्रवेशाच्या पद्धती : सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे सोलॅरिस ही परिचालन प्रणाली ‘इनिट ०’ या आज्ञेने रीतसर बंद करणे. प्रणाली प्रतिसाद देत नसल्यास सनच्या कळफलकावरील ‘स्टॉप’ व ‘ए’ या कळा एकदम दाबतात. अनेक सर्व्हरांना कळफलक नसतो. त्यांच्या क्रमिक जोडणीवर (सामान्यतः सेकंदाला ९,६०० बिट, ८ बिटांचे अक्षर, समता-बिट नाही, १ थांबा-बिट) ‘ब्रेक’ संकेत पाठवितात. ब्रेक हे अक्षर नव्हे. एका अक्षराला लागणाऱ्या वेळेपेक्षा अधिक काळ तार एकाच विशिष्ट स्थितीत राहिली की, तो ब्रेक मानला जातो. त्यामुळे जोडलेले टर्मिनल नुसते बंद केले, तरी काही वेळा चालू सर्व्हर थांबतो. हा धोका टाळण्यासाठी ब्रेकऐवजी एंटर, ‘~’ व कंट्रोल-बी हा कळांचा क्रम ठरवून देता येतो. किल्लीचे कुलूप असलेल्या सर्व्हरांत किल्ली बंदिस्त स्थितीत ठेवल्यास ब्रेक निष्प्रभ होतो. नंतरच्या सर्व्हरांत स्वतंत्र सेवा-प्रक्रियकामार्फतही ब्रेक देता येतो.

दक्षता : ब्रेकमुळे परिचालन प्रणाली बंद होत नाही, तर आहे तेथे गोठते. ‘गो’ या आज्ञेने ती पुन्हा चालू होऊ शकते. ते शक्य नसल्यास ‘सिंक’ ही आज्ञा देतात. तिने स्मृतीतील न लिहिलेली माहिती तबकडीवर उतरविण्याचा प्रयत्न होतो व संगणक पुन्हा सुरू होतो. थेट ‘बूट’ आज्ञा दिल्यास ती माहिती नष्ट होते.

उपयोग व सुरक्षितता : मूळ तबकडी बिघडल्यास ‘बूट सीडीरॉम’ किंवा ‘बूट नेट’ या आज्ञांनी अन्य साधनावरून संगणक सुरू करता येतो. याच मार्गाने प्रशासकाचा विसरलेला परवलीचा शब्द बदलता येतो; अर्थात परक्या व्यक्तीलाही ते शक्य असते. म्हणून ‘सिक्युरिटी-मोड’ या मूल्याने फर्मवेअरला स्वतंत्र परवलीचा शब्द देण्याची सोय आहे. पूर्ण संरक्षणाच्या स्थितीत ‘गो’ वगळता प्रत्येक आज्ञेला तो द्यावा लागतो. मात्र तोच विसरला, तर दुरुस्तीचा हा मार्ग स्वतः प्रशासकालाही बंद होतो.