छाटणीआधी साखरेचा हिशेब

हस्ताचा पाऊस ओसरला आणि ऊन तापू लागलं की महाराष्ट्रातल्या गुलाबबागांमध्ये कात्र्या निघतात. ऑक्टोबर हा इथल्या गुलाबाच्या मोठ्या छाटणीचा महिना. पावसाळ्यात माणसाच्या उंचीला गेलेलं, वर चार पानं आणि खाली नुसत्या काठ्या उरलेलं झुडूप मांडीच्या उंचीपर्यंत खाली आणायचं, तेही चांगल्या हिरव्या फांद्या कापून. घरच्या बागेत नेमका इथेच हात अडखळतो. कोणी भीतीपोटी नुसते शेंडे खुडतं, तर कोणी सगळ्या कुंड्या एकाच उंचीवर सपाट करून घेतं. दोन्हीकडे एक गोष्ट पाहायची राहून जाते. कापल्यावर नवी फूट काढायला झाडाजवळ साखर किती आहे, आणि ती कोणत्या डोळ्याकडे जाणार आहे?

प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. शेंडा वाढत असतो तोवर खालचे बहुतेक डोळे निजलेले राहतात. शेंडा उडवला की त्यातले काही फुटतात. हे माळ्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं. यामागचं कारण शोधायला मात्र विज्ञानाला शंभरहून अधिक वर्षं लागली, आणि ती कहाणी अजून पुरती संपलेली नाही.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० साली गवताच्या कोवळ्या कोंबांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. उजेड कळतो शेंड्याला, पण वाकतो त्याखालचा भाग. म्हणजे शेंड्याकडून काहीतरी निरोप खाली जात असणार. १९२०च्या दशकात हॉलंडमध्ये फ्रित्स वेंट यांनी ओटच्या कोंबांतून हा निरोप नेणारा पदार्थ आगारच्या तुकड्यांत उतरवून घेतला. तोच ऑक्झिन. पुढे १९३३-३४ मध्ये केनेथ थिमन आणि फोल्के स्कूग यांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे कापले आणि कापल्या जागी ऑक्झिन ठेवलं. शेंडा नव्हता, तरी खालचे डोळे जागे झाले नाहीत. त्यानंतर कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत हेच उत्तर राहिलं की ऑक्झिन डोळ्यांना दाबून ठेवतं.

या उत्तरात एक अडचण होती. ऑक्झिन खोडातून तासाला साधारण सेंटिमीटरभर सरकतं. उंच रोपाचा शेंडा कापला, तर खालच्या डोळ्यापर्यंत ऑक्झिनची टंचाई पोचायला दिवस उलटावा लागेल. वाटाण्याच्या रोपात तर डोळे त्याआधीच हलू लागतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात क्रिस्टीन बेव्हरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याचा उलगडा मांडला. पानांत तयार झालेली साखर तासाला मीटरच्या हिशेबात धावते. वाढता शेंडा पहिल्या पंगतीला बसतो आणि बहुतेक सगळं तोच संपवतो. खालचे डोळे उपाशी राहतात. शेंडा गेला की ती साखर काही तासांत डोळ्यांपाशी पोचते आणि ते फुगू लागतात. नुसती बाहेरून साखर पुरवली तरी डोळे जागे होतात, हेही त्यांनी दाखवलं. याचा अर्थ ऑक्झिन खोटं ठरलं असा नाही. फुटलेला डोळा फांदी होणार की तिथेच थांबणार, हे पुढे ऑक्झिनसारखी संप्रेरकंच ठरवतात.

त्या संप्रेरकांतलं एक आपल्या ज्वारीच्या शेतकऱ्याच्या जुन्या शत्रूशी जोडलेलं आहे. टारफुला ज्वारीच्या मुळांवर जगतो, आणि त्याचं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं. जवळ यजमानाचं मूळ आलं की त्यातून पाझरणारी स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं त्या बियाला उठवतात. हीच रसायनं झाडाच्या आत डोळ्यांना फुटण्यापासून अडवतात, हे २००८ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं. जमिनीखाली जे बियाला उठवतं, तेच खोडात डोळ्याला निजवतं. झाडांच्या रसायनशास्त्रातली ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

आता पुन्हा गुलाबाकडे. बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात, कारण त्यांच्यातलं एक जनुक एरवीच्या फुटींना फुलू देत नाही. चीनमधल्या जुन्या बागाईत गुलाबांत या जनुकात डीएनएचा एक फिरता तुकडा घुसला आणि तो लगाम सुटला. अठराव्या शतकाच्या अखेरीस ‘ओल्ड ब्लश’सारखे चिनी गुलाब युरोपात पोचले, तिथल्या गुलाबांशी त्यांचा संकर होत गेला आणि १८६७ साली आलेल्या ‘ला फ्रान्स’पासून आजचे हायब्रिड टी गुलाब मोजले जातात. आपल्या कुंडीतल्या गुलाबाची जवळजवळ प्रत्येक सशक्त नवी फूट टोकाला फूल घेऊनच येते ती या वारशामुळे. म्हणून इथे छाटणी म्हणजे फुलं वाढवण्याचा सरळ मार्ग आहे.

गुलाबाची आणखी एक खोड आहे. त्याच्या डोळ्याला फुटण्यासाठी उजेड लागतोच. शेंडा कापून झुडूप अंधारात ठेवलं तर डोळे फुटत नाहीत, हे फ्रान्समधल्या प्रयोगांत दिसलं आहे. झुडूप मधून मोकळं ठेवा, बाहेरच्या बाजूला पाहणाऱ्या डोळ्यावर कापा, हा जुना सल्ला त्यामुळे केवळ दिसण्यापुरता राहत नाही. मधे गर्दी झाली की आतले डोळे उजेडाविना निजून राहतात, शिवाय पानं ओली राहून काळ्या ठिपक्यांचा रोग पसरतो.

कापताना आधी वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळापासून काढाव्यात. मग तीन ते पाच जोमदार फांद्या ठेवून त्या दीड-दोन फुटांवर आणाव्यात. काप डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर आणि थोडा तिरका हवा. कापलेल्या जागी फांदीचा गाभा पांढरट हिरवा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर शेंडेमर आत उतरलेली आहे. निरोगी गाभा लागेपर्यंत खाली कापत जावं. जखमेला बोर्डो पेस्ट लावावी: १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, १०० मिलिलिटर पाणी, आणि भांडं लोखंडी नको. डोळा भरल्याच्या गाठीखालून येणारे खुंटाचे फुटवे कात्रीने न कापता जिथून निघाले तिथून ओढून काढावेत. सात पानं म्हणजे खुंट, ही खूण फसवते. चांगल्या जातींनाही सात पर्णिका येतात. गाठच पाहावी.

वेली गुलाबाला ही छाटणी लागू नाही. त्याच्या लांब फांद्या आडव्या बांधल्या की शेंड्याचा जोर कमी होतो आणि फांदीभर डोळे फुटतात.

ऑक्टोबरच का? परदेशी पुस्तकं थंडी सरताना छाटणी करायला सांगतात, कारण तिथे हिमात कोवळी फूट जळते. आपल्याकडे गुलाब खरा झोपतच नाही. छाटणीमुळेच त्याला सक्तीची विश्रांती मिळते, आणि ४५ ते ६० दिवसांनी, रात्री गार झाल्यावर, फुलं येतात. गारव्यात पाकळ्या सावकाश वाढतात आणि रात्री श्वसनात साखर कमी जळते. म्हणून डिसेंबर-जानेवारीतलं फूल मोठं आणि गडद रंगाचं असतं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. अशा प्रदर्शनांत उतरणारे लोक छाटणीची तारीख दिवस उलटे मोजून ठरवतात.

पण पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांनी पानं गळून झुडूप उघडं पडलं असेल, तर मी खोल छाटणी करू नये असंच सांगेन. अशा झाडाने कित्येक आठवडे साखर कमावलेलीच नसते. पान उरलेलं नाही, त्यामुळे पहिली फूट फांद्या-मुळांतल्या साठ्यावरच काढावी लागते. अशा वेळी फक्त मेलेलं लाकूड काढावं, शेणखत घालावं आणि पानं भरू द्यावीत. फुलं उशिरा आली तरी चालतील.

नव्या फुटीवर फूल हा गुलाबाचा नियम सगळ्याच झुडपांना लावला तर नुकसान होतं. थंड हवेच्या ठिकाणी दिसणाऱ्या निळ्या-गुलाबी हायड्रेंजियाच्या कळ्या गेल्या हंगामातल्या फांद्यांच्या टोकाशी आधीच तयार असतात. ती टोकं कापली की त्या वर्षीचा बहर गेला. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार हा फरक चांगला जाणतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर उन्हाळ्यात नव्या काड्यांच्या डोळ्यांत सूक्ष्म घड तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत कुठल्या डोळ्यावर काडी तोडायची ते त्यावरून ठरतं.

मोगरा मात्र गुलाबाच्या बाजूचा. त्याची कळी नव्या फुटीच्या टोकाला येते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाणी तोडून ताण द्यायचा, मग छाटून उरलेली पानं उतरवायची आणि खत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं, अशी रीत आहे. उन्हाळा चढू लागला की कळ्या येतात. घरी चार कुंड्या असतील तर दोन आधी छाटाव्यात आणि दोन पंधरा दिवसांनी. म्हणजे एका जोडीचा बहर उतरू लागतो तेव्हा दुसरीचा चढत असतो.